डुलणाऱ्या ताऱ्याचा हिशेब

तालुक्याच्या गावातील एखाद्या कापडपेढीची दहा वर्षांची रोजकीर्द जाणत्या मुनिमासमोर ठेवावी. त्याने ती पेढी कधी पाहिलेली नाही, गावही त्याला ठाऊक नाही. हाती केवळ तारखा आणि विक्रीचे आकडे. तरीही दोन-चार दिवस वह्या चाळल्यावर तो बरेच काही सांगू शकतो. दर सातव्या दिवशी आकडा फुगतो, म्हणजे त्या दिवशी गावात आठवडी बाजार भरतो. दिवाळीपूर्वी आणि पुन्हा वैशाखाच्या सुमारास विक्री चढते, म्हणजे सणासुदीचे आणि लग्नसराईचे गिऱ्हाईक येथे येते. हे दोन्ही चढउतार बाजूला काढल्यावरही ठरावीक काळाने येणारी एखादी मंदी शिल्लक राहिली, तर मात्र मुनीम थबकतो. या मंदीचे कारण बाहेर बाजारात शोधायचे, की पेढीच्या आतच काही हलते आहे, हा प्रश्न अवघड असतो.

खगोलशास्त्रज्ञांपुढेही गेली पन्नास वर्षे नेमका असाच एक प्रश्न उभा होता. पेढीच्या जागी होता एक न्यूट्रॉन तारा आणि विक्रीच्या जागी त्याची तेजस्विता. त्या तेजाच्या नोंदवहीत तीन निरनिराळे चढउतार होते. त्यांपैकी दोघांचा उलगडा लवकर झाला. तिसऱ्याचे कारण ताऱ्याच्या बाहेर आहे की आत, हे मात्र दीर्घकाळ ठरत नव्हते.

मोहरीएवढ्या कणात वीस लाख टन

मोठ्या ताऱ्याच्या पोटातील इंधन संपले की त्याचा गाभा स्वतःच्याच भाराखाली कोसळतो. बाहेरचे थर प्रचंड स्फोटाने उधळले जातात आणि मागे उरतो तो अतिशय घट्ट, लहानसा गोळा. ताऱ्यांच्या या अखेरच्या अवस्थांचा अभ्यास करणाऱ्यांत भारतीयांचे स्थान मोठे आहे. सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक वस्तुमानाचा श्वेत बटू तारा टिकू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी ऐन तारुण्यात दाखवून दिले. त्यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच काळात प्रचंड दाबाखाली पदार्थाचे काय होते, अणूंमधील इलेक्ट्रॉन कसे सुटे होतात आणि श्वेत बटूंशी त्याचा काय संबंध, या विषयावर केंब्रिजमध्ये शिकून आलेल्या डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी मूलभूत काम केले. शिक्षणक्षेत्रातील ‘कोठारी आयोग’ सर्वांना ठाऊक आहे. त्याचे अध्यक्ष मुळात ताऱ्यांच्या पोटातील पदार्थाचे अभ्यासक होते, हे फार थोड्यांना माहीत असते.

न्यूट्रॉन या कणाचा शोध १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांनी लावला. पुढे दोनच वर्षांनी वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी सुचविले, की ताऱ्याच्या स्फोटानंतर मुख्यतः न्यूट्रॉनांचाच बनलेला तारा मागे उरत असावा. अशा ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या दीडपटीच्या घरात, पण व्यास वीस-बावीस किलोमीटर. म्हणजे तो चर्चगेट ते अंधेरी या अंतरात मावावा. त्यातील मोहरीच्या दाण्याएवढा कण पृथ्वीवर तोलता आला असता, तर त्याचे वजन वीस लाख टनांच्या आसपास भरले असते.

ही कल्पना तीसेक वर्षे कागदावरच राहिली. १९६७ मध्ये केंब्रिज येथे जोसलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी तपासत होती. यंत्रातून रोज सुमारे तीस मीटर लांबीची कागदी पट्टी बाहेर पडे आणि ती सारी डोळ्यांनी वाचावी लागे. त्या पट्टीवर जेमतेम बोटाच्या पेराएवढी, नेहमीच्या कोणत्याही खुणेशी न जुळणारी एक अस्पष्ट रेघाटी तिच्या नजरेस पडली. कोणीही ती यंत्राचा दोष म्हणून सोडून दिली असती. बेल यांनी तसे केले नाही. अधिक वेगाने नोंद घेतल्यावर दर १.३३ सेकंदांनी येणारे नियमित ठोके उमटले आणि पहिला पल्सार, म्हणजेच स्पंदक तारा, सापडला. या शोधासाठी १९७४ चे नोबेल पारितोषिक त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना मिळाले. बेल यांचे नाव त्यात नव्हते. २०१८ मध्ये त्यांना तीस लाख डॉलरचे ब्रेकथ्रू पारितोषिक देण्यात आले, तेव्हा ती संपूर्ण रक्कम त्यांनी भौतिकशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या, संधीपासून वंचित राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली.

स्पंदकाचे ठोके म्हणजे ताऱ्याचे उघडझाप करणे नव्हे. तारा सतत प्रकाशतच असतो. परंतु त्याच्या चुंबकीय ध्रुवांपाशी किरणोत्सर्ग एकवटलेला असतो आणि हे ध्रुव ताऱ्याच्या फिरण्याच्या अक्षावर नसून थोडे बाजूला असतात. त्यामुळे दीपगृहाचा झोत जसा समुद्रावरून फिरतो, तसा हा झोत अवकाशात फिरतो आणि प्रत्येक फेरीत एकदा आपल्या अंगावरून जातो.

शौरीतील तीन घड्याळे

१२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्यालगत समुद्रात उभारलेल्या तळावरून क्ष-किरण पाहणारा पहिला उपग्रह आकाशात गेला. तो दिवस केनियाचा स्वातंत्र्यदिन असल्याने उपग्रहाला ‘उहुरू’ हे नाव मिळाले. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ स्वातंत्र्य. या उपग्रहाने टिपलेल्या क्ष-किरण स्रोतांपैकी एक होता ‘हर्क्युलिस एक्स-१’. उन्हाळ्याच्या रात्री स्वाती आणि अभिजित या दोन ठळक ताऱ्यांच्या मधल्या आकाशात शौरी नावाचा तारकासमूह दिसतो, त्यात हा स्रोत आहे. त्याचे अंतर वीस हजार प्रकाशवर्षांहून अधिक. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

या ताऱ्याच्या तेजाची नोंद तपासताना तीन घड्याळे एकात एक गुंतलेली आढळली.

पहिले घड्याळ १.२४ सेकंदांचे. हा न्यूट्रॉन ताऱ्याचा स्वतःभोवती फिरण्याचा काळ. हा तारा एकटा नाही. एक साधा तारा त्याचा जोडीदार आहे. त्या जोडीदाराच्या अंगावरील वायू ओढला जाऊन न्यूट्रॉन ताऱ्याभोवती फिरत्या तबकडीच्या रूपात साचतो. तेथून ताऱ्याचे प्रखर चुंबकीय क्षेत्र तो वायू उचलते आणि दोन्ही चुंबकीय ध्रुवांवर ओतते. हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या कित्येक लाख कोटी पट तीव्र आहे. वायू आदळतो ती जागा कोट्यवधी अंश तापते आणि क्ष-किरण फेकू लागते. तारा फिरला की तप्त ध्रुव कधी समोर येतो, कधी बाजूला जातो.

दुसरे घड्याळ १.७ दिवसांचे. एवढ्या अवधीत दोन्ही तारे परस्परांभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करतात. प्रत्येक फेरीत जोडीदार तारा मधे येतो आणि काही तास क्ष-किरणांना ग्रहण लागते.

तिसरे घड्याळ ३५ दिवसांचे. सुमारे दहा दिवस क्ष-किरण भरभरून येतात. नंतर ते जवळजवळ थांबतात. पुन्हा काही दिवस मंद स्वरूपात येतात आणि पुन्हा थांबतात. मग नवे चक्र सुरू होते. ताऱ्याच्या फिरण्याशी किंवा त्यांच्या परस्पर प्रदक्षिणेशी या ३५ दिवसांचा मेळ बसत नाही. रोजकीर्दीतील दोन नियमित चढउतार वजा केल्यावर उरलेली न समजणारी मंदी ती हीच.

येथे एक महत्त्वाची साक्ष जोडीदार ताऱ्याने दिली. त्याची न्यूट्रॉन ताऱ्याकडील बाजू क्ष-किरणांच्या माऱ्याने तापून अधिक उजळ दिसते, पलीकडची बाजू मंद राहते. त्यामुळे दर १.७ दिवसांनी त्याचे साधे प्रकाशातील तेजही कमी-जास्त होते. आपल्याला क्ष-किरण मिळेनासे होतात त्या दिवसांतही हा तापलेला चेहरा उजळच राहतो. १९८३ आणि १९९९ मध्ये तर क्ष-किरण कित्येक महिने जवळपास दिसेनासे झाले, तरी जोडीदार तापतच राहिला. याचा अर्थ उघड होता. दिवा विझलेला नव्हता. दिवा आणि आपण यांच्या मधे पडदा आला होता. हा पडदा म्हणजे वायूची तीच तबकडी. ती सपाट नाही, थोडी वाकडी आणि कललेली आहे. हलत्या ताटाच्या कडेप्रमाणे ती वर-खाली होत राहते आणि ३५ दिवसांत कधी दृष्टीआड करते, कधी वाट मोकळी करते.

पडद्याचे गणित सुटले, पण मूळ प्रश्न उरलाच. तबकडी इतक्या नियमाने, अर्धशतकभर त्याच तालावर, कोणाच्या इशाऱ्याने डुलते? वायूची तबकडी म्हणजे सतत ओतला जाणारा आणि सतत गळणारा पदार्थ. तिच्याजवळ इतका स्थिर ताल कोठून येणार? तो ताल तबकडीच्या आत बसलेल्या ताऱ्याचाच असावा, न्यूट्रॉन तारा स्वतःच डुलत असावा आणि आपल्या चुंबकीय पकडीने तबकडीलाही डुलवीत असावा, असा तर्क काही शास्त्रज्ञांनी १९७२ पासूनच मांडला होता. तर्क सोपा होता. पुरावा मिळणे कठीण होते.

डुलणे दोन प्रकारचे

फिरणाऱ्या वस्तूचे डुलणे, ज्याला शास्त्रात परांचन म्हणतात, ते दोन कारणांनी होते.

पहिल्या प्रकारात बाहेरची ओढ कारणीभूत असते. भोवऱ्याचा वेग ओसरू लागला की पृथ्वी त्याला खाली ओढते आणि त्याची मान गोल फिरू लागते. पृथ्वीचेही तसेच आहे. विषुववृत्तावर पृथ्वी थोडी फुगीर असून सूर्य-चंद्र त्या फुगवट्याला ओढतात. परिणामी तिचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी मारतो. मकरसंक्रांत आपण जानेवारीच्या मध्याला साजरी करतो, पण सूर्याचे प्रत्यक्ष उत्तरेकडे वळणे मात्र २१-२२ डिसेंबरलाच होते. पंचांगातील हे अंतर याच संथ डुलण्याची खूण आहे.

दुसऱ्या प्रकारात बाहेरून कोणीही ओढत नाही. हवेत भिरकावलेली थाळी फिरता फिरता आपोआप हेलकावे घेते, ते हे मुक्त परांचन. वस्तू पूर्णपणे समतोल नसली आणि तिचे फिरणे तिच्या समतोल अक्षाभोवती नेमके नसले, की हे डुलणे उद्भवते. या डुलण्याचा काळ वस्तूच्या बेढबपणावर अवलंबून असतो. बेढबपणा जितका कमी, तितके डुलणे संथ.

लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७६५ मध्ये हा नियम पृथ्वीला लावला. पृथ्वीचा बेढबपणा सुमारे तीनशे पाचात एक भाग, म्हणून ती मुक्तपणे डुलत असल्यास एका डुलण्याला ३०५ फेऱ्या, म्हणजे ३०५ दिवस लागावेत. शंभरावर वर्षे अनेकांनी हे डुलणे शोधले. कोणालाही ते सापडले नाही, कारण सारे जण सुमारे दहा महिन्यांचेच चक्र शोधत होते. अखेर १८९१ मध्ये अमेरिकेतील सेठ चँडलर यांनी ते शोधून काढले. चँडलर यांनी आयुष्याची बरीच वर्षे जीवनविमा कंपन्यांत जोखमीचे गणित करण्यात घालविली होती. आकडे जे सांगतात ते ऐकण्याची त्यांना सवय होती. त्यांनी अपेक्षित काळाचा आग्रह सोडला, नोंदी जशा होत्या तशा मांडल्या आणि चक्र सुमारे चौदा महिन्यांचे आढळले. ध्रुवाचे सरकणे अवघे काही मीटरांचे. लगोलग सायमन न्यूकम यांनी त्याचे कारण सांगितले: पृथ्वी दगडासारखी ताठ नाही, ती थोडी लवचीक आहे आणि तिच्यावर महासागर आहेत, म्हणून दहा महिन्यांचे चौदा झाले.

या प्रसंगात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. डुलण्याच्या काळावरून वस्तूचा बेढबपणा मोजता येतो. आणि अपेक्षित काळ व प्रत्यक्ष काळ यांत पडलेला फरक वस्तूच्या आतील अवस्था सांगतो. जेथे खणून पाहता येत नाही, तेथे हाच एक मार्ग उरतो.

आतल्या द्रवाची हरकत

न्यूट्रॉन तारा डुलतो या म्हणण्याला सर्वांत मोठी हरकत त्याच्या पोटातूनच आली. तिची कथा १९६९ पर्यंत मागे जाते आणि तिच्या केंद्रस्थानी एक भारतीय शास्त्रज्ञ आहे.

सर सी. व्ही. रामन यांचे पुत्र व्ही. राधाकृष्णन त्या वेळी ऑस्ट्रेलियात पार्क्स येथील मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर काम करीत होते. वेला नावाच्या स्पंदकाकडे पाहताना त्यांना आणि त्यांचे सहकारी मँचेस्टर यांना विलक्षण घटना दिसली. स्पंदक हळूहळू मंदावत जाणे अपेक्षित असते. हा मात्र एकाएकी किंचित वेगाने फिरू लागला होता. अशा धक्क्यांचा अर्थ पुढे असा लावण्यात आला: ताऱ्याचे कवच घट्ट स्फटिकासारखे आहे आणि त्याच्या आत घर्षणाविना वाहणारा न्यूट्रॉनांचा अतिप्रवाही द्रव आहे. या द्रवात असंख्य सूक्ष्म भोवरे असून ते कवचाला खिळलेले असतात. कवच मंदावते, द्रव मंदावत नाही. ताण वाढत जातो आणि एके दिवशी असंख्य भोवरे एकदम सुटतात. द्रवाचा साठलेला वेग कवचाला मिळतो व धक्का बसतो.

हे चित्र बरोबर असेल, तर ताऱ्याला संथ डुलता येणार नाही. कवचाला घट्ट खिळलेला तो फिरता द्रव डुलण्याचा काळ कमालीचा आखूड करील, हे जेकब शाहम यांनी १९७७ मध्ये गणिताने दाखविले. लाखो फेऱ्यांत एकदा डुलण्याऐवजी तारा थोड्याच फेऱ्यांत डुलून मोकळा होईल. शिवाय कवच आणि गाभा यांच्यातील घर्षण ते डुलणे लवकरच शमवील. म्हणून ३५ दिवसांचे घड्याळ हा साधा तपशील राहिला नाही. ते खरोखर ताऱ्याचे असेल, तर निदान या ताऱ्याच्या अंतरंगाविषयीची समजूत तरी बदलावी लागणार होती.

मधल्या काळात एक चकवाही घडला. १८२८-११ या क्रमांकाच्या स्पंदकाच्या तेरा वर्षांच्या नोंदी तपासून इन्ग्रिड स्टेअर्स, अँड्र्यू लाइन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये जाहीर केले, की त्याच्या ठोक्यांचा आकार आणि वेळ सुमारे १,००० व ५०० दिवसांच्या चक्रात बदलते. तारा डुलत असल्याचा हा पुरावा असावा. पण २०१० मध्ये लाइन यांनीच अधिक बारीक नोंदींवरून दाखविले, की त्या ताऱ्याचा ठोका हळूहळू न बदलता दोन ठरावीक रूपांमध्ये आलटून-पालटून उडी मारतो. ते डुलणे नसून ताऱ्याभोवतीच्या चुंबकीय वातावरणातील बदल असण्याचा संभव अधिक वाटू लागला. आपल्याच निष्कर्षाची नोंदवही पुन्हा उघडून तपासण्याचा हा प्रामाणिकपणा विज्ञानाची खरी पत राखतो.

ध्रुवीकरणाची साक्ष

तेजस्वितेच्या एकट्या नोंदीवरून ताऱ्याचे डुलणे आणि पडद्याचे डुलणे वेगळे काढता येत नव्हते. दुसऱ्या स्वतंत्र साक्षीदाराची गरज होती. तो साक्षीदार म्हणजे प्रकाशाचे ध्रुवीकरण.

प्रकाशाच्या लहरी पुढे जाताना आडव्या दिशेने कंप पावतात. सामान्य प्रकाशात हे कंपन सर्व दिशांना विखुरलेले असते. काही वेळा ते एका दिशेला अधिक असते. पाण्यावरील चकाकी कमी करणारे विशिष्ट काचेचे गॉगल याच गुणाचा उपयोग करतात. न्यूट्रॉन ताऱ्यापाशी कंपनाची दिशा चुंबकीय क्षेत्राशी बांधलेली असते. तारा फिरला की चुंबकीय अक्ष आकाशात ज्या प्रकारे कलतो, त्याच प्रकारे कंपनाची दिशाही कलत जाते. या कलण्याच्या रेषेवरून तारा कोणत्या अक्षाभोवती फिरतो आणि त्याचा चुंबकीय ध्रुव त्या अक्षापासून किती बाजूला आहे, हे वाचता येते. ही रीत प्रथम मांडली ती १९६९ मध्येच, वेला स्पंदकाच्या नोंदींवरून, राधाकृष्णन आणि त्यांचे सहकारी कुक यांनी. योगायोग पाहण्यासारखा आहे: ज्यांनी टिपलेल्या धक्क्यातून संथ डुलण्याविरुद्धची हरकत उभी राहिली, त्यांच्याच रीतीने त्या डुलण्याच्या बाजूची साक्ष पुढे मिळायची होती.

रेडिओ लहरींचे ध्रुवीकरण मोजणे तुलनेने सोपे. क्ष-किरणांचे अतिशय कठीण. त्यासाठी खास उपग्रह हवा होता. अमेरिका आणि इटली यांनी मिळून तयार केलेला ‘इक्स्पी’ हा उपग्रह ९ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने हर्क्युलिस एक्स-१ कडे नजर वळविली. पुढे ३५ दिवसांच्या चक्रातील निरनिराळ्या टप्प्यांवर त्याने मोजमापे घेतली. ती राधाकृष्णन-कुक यांच्या रीतीने तपासली, तेव्हा तेज भरभरून असतानाची ताऱ्याची ठेवण आणि मंद टप्प्यातील ठेवण सारखी नसल्याचे दिसले. चुंबकीय ध्रुव आणि फिरण्याचा अक्ष यांतील कोन चक्राबरोबर बदलत होता. केवळ पडदाच हलत असता, तर ताऱ्याच्या ठेवणीत हा बदल दिसण्याचे कारण नव्हते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात संशोधकांनी निष्कर्ष मांडला, की ३५ दिवसांचा ताल न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचाच्या मुक्त डुलण्यातून येत असल्याचे ही मोजमापे सुचवितात. ‘सुचवितात’ हा शब्द त्यांनी जपून वापरला आहे. अधिक नोंदींनी तो पक्का व्हायचा आहे.

एक कोटीत चार

आता ऑयलरचा नियम पुन्हा हाती घ्यावा. हा हिशेब कोणत्याही दुकानदाराला कागदाच्या पाठीवर करता येईल. ३५ दिवसांचे सेकंद ३०,२४,०००. एका फेरीला १.२४ सेकंद. भागाकार केला, की एका डुलण्यात सुमारे २४ लाख ४० हजार फेऱ्या येतात. पृथ्वीच्या बाबतीत ३०५ फेऱ्या म्हणजे तीनशे पाचात एक भाग बेढबपणा. येथे २४ लाख ४० हजारांत एक भाग, म्हणजेच एक कोटीत चार भाग.

एक कोटी रुपयांच्या उलाढालीत चार रुपयांचा फरक, इतका हा तारा समतोल आहे. लांबीच्या भाषेत सांगायचे, तर ताऱ्याची त्रिज्या दहा किलोमीटर धरली तर ती बरोबर एक कोटी मिलिमीटर होते. हा ढोबळ हिशेब पाहता फरक चारेक मिलिमीटरच्या घरातला. वीस हजार प्रकाशवर्षांवरील गोळ्यातील तांदळाच्या दाण्याएवढा बेढबपणा! तो कोणत्याही दुर्बिणीत कधी दिसणार नाही. तो कळला, कारण पन्नास वर्षे तेजाची नोंद कोणीतरी खंड न पाडता ठेवली आणि तीन चढउतारांपैकी ज्याचे कारण कळत नव्हते तो ‘किरकोळ’ म्हणून खोडून टाकला नाही.

दिसेनासा झालेला स्पंदक

डुलण्यामुळे तेज कमी-जास्त होते, इतकेच नव्हे. कधी कधी तारा आपल्या दृष्टीने पूर्ण नाहीसाही होतो. २००३ मध्ये दोन स्पंदक परस्परांभोवती फिरत असलेली एक जोडी सापडली. ती आपली प्रदक्षिणा अडीच तासांहूनही कमी वेळात पूर्ण करते. आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार जोडीदाराच्या गुरुत्वाकर्षणाने वाकलेल्या अवकाशामुळे प्रत्येकाचा अक्ष हळूहळू वळत राहतो. हे पहिल्या प्रकारचे, बाहेरून लादलेले डुलणे. त्यांपैकी संथ स्पंदकाचा अक्ष वर्षाला सुमारे पाच अंश वळतो. वळता वळता त्याचा झोत पृथ्वीवरून सरकला आणि मार्च २००८ पासून त्याचे ठोके ऐकू येईनासे झाले. तारा तेथेच आहे, तसाच फिरतो आहे. आपण त्याच्या झोताबाहेर गेलो आहोत. झोत पुन्हा आपल्याकडे वळेल तेव्हा ठोके परत ऐकू येतील.

हिंगोलीपर्यंत

या विषयाचा धागा भारतातही ठिकठिकाणी विणला जात आहे. १ जानेवारी २०२४ रोजी इस्रोने ‘एक्स्पोसॅट’ अवकाशात पाठविला. क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजण्यासाठीच बांधलेला हा ‘इक्स्पी’नंतरचा जगातील दुसरा उपग्रह. त्यावरील ‘पोलिक्स’ हे मुख्य उपकरण बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने घडविले आहे. पित्याने स्थापन केलेल्या याच संस्थेचे संचालकपद राधाकृष्णन यांनी दोन दशकांहून अधिक काळ सांभाळले होते.

दुसरा धागा मराठवाड्यात आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. किंचितही बेढब असलेला न्यूट्रॉन तारा फिरताना अवकाशात अखंड, अतिशय क्षीण गुरुत्वीय लहरी सोडीत राहतो. हर्क्युलिस एक्स-१ त्यासाठी फारच सावकाश फिरतो. पण सेकंदाला शेकडो फेऱ्या घेणारेही न्यूट्रॉन तारे आहेत. त्यांची अखंड लहर अजून कोणत्याही वेधशाळेच्या हाती लागलेली नाही. ती किती क्षीण असेल, हे ताऱ्याचे कवच कितपत बेढब राहू शकते यावर अवलंबून आहे. तेथे शौरीतील त्या ताऱ्याने दिलेला आकडा, एक कोटीत चार, अंदाजाला आधार देणारा ठरतो.

जुन्या पेढ्यांवर एक रीत होती. संध्याकाळी रोजमेळ जुळला नाही आणि फरक दोन-चार रुपयांचाच निघाला, तरी मुनीम स्वतःच्या खिशातून पैसे घालून वही बंद करीत नसे. फरक लहान आहे म्हणून तो महत्त्वाचा नाही, असे त्याला वाटत नसे. चार रुपयांच्या मागे चारशेची चूक दडलेली असू शकते, हे तो जाणत असे. कागदी पट्टीवरील रेघाटी न सोडणाऱ्या जोसलिन बेल, दहा महिन्यांचा हट्ट सोडून चौदा महिन्यांचा आकडा स्वीकारणारे चँडलर आणि ३५ दिवसांच्या मंदीचा पन्नास वर्षे पाठपुरावा करणारे संशोधक यांनी आकाशाच्या वहीपुढे बसून हेच केले. ती वही अजून बंद झालेली नाही.